चाळीस टक्क्यांचे गणित : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दिव्यांगत्वाच्या दाखल्याविषयी या वेळी इतकी पत्रे आली की हा पूर्ण स्तंभ त्यालाच दिला आहे. दाखल्यावर दिव्यांगत्वाची टक्केवारी लिहिलेली असते आणि आरक्षणासारखे मुख्य लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : यजमानांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. आता दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावे लागते. काम सुटले आहे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दाखला मागितला, तर ‘हा आजार यादीत नाही’ म्हणून परत पाठवले. एवढ्या आजारी माणसाला दाखला मिळत नसेल, तर तो मिळतो कोणाला?

डॉक्टरांनी सांगितले ते कायद्याला धरून आहे, पण त्यावर तुमचा मार्ग संपत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार नेमून दिले आहेत. त्यात मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, मधुमेह किंवा कर्करोग ही नावे नाहीत. रक्ताचे तीन विकार (हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल), तसेच पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे मात्र थेट आजाराच्या नावाने यादीत आहेत. बाकी सगळीकडे दाखला देणारे डॉक्टरांचे बोर्ड पाहते ते आजाराने मागे काय ठेवले, हे. दिसणे, ऐकणे, बोलणे, चालणे, हाताने काम करणे, समजून घेणे यांपैकी कायमचे काय आणि किती गेले, याची ती टक्केवारी असते.

म्हणून यजमानांच्या बाबतीत पहिली तपासणी डोळ्यांची करून घ्या. पंधरा वर्षांच्या मधुमेहात दृष्टिपटल बिघडलेले असण्याची शक्यता बरीच असते. चष्मा लावून दोन्ही डोळ्यांना किती दिसते आणि बाजूचे किती दिसते, हे दोन्ही मोजून घ्या. बाजूचे दिसणे मोजणारी तपासणी अनेकदा होतच नाही आणि दाखला तिथेच अडतो. पायाचा काही भाग काढावा लागला असेल किंवा पावले लुळी पडली असतील, तर ते अस्थिव्यंगात मोजले जाते. मात्र फक्त बोटे गेली असतील तर टक्केवारी सहसा चाळीसच्या आतच राहते.

यातले काहीच लागू नसेल, तरी दाखल्यावाचून मिळणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्या मागायला लोक जातच नाहीत. संजय गांधी निराधार अनुदान योजना फक्त दिव्यांगांसाठी नाही. क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग ‘यासारख्या’ दुर्धर आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारेही तिच्यात बसतात. वय ६५ च्या आत हवे, महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य हवे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे (दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे). महिन्याला १,५०० रुपये मिळतात. दिव्यांग लाभार्थ्यांना २०२५ च्या वाढीनंतर २,५००. अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा असतो. सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रात ‘मूत्रपिंडविकार’ एवढाच शब्द असेल तर समितीपुढे प्रकरण लंगडे पडते. ‘आठवड्यातून तीनदा डायलिसिस, त्यामुळे उपजीविकेचे काम करण्यास असमर्थ’ असे स्पष्ट लिहून घ्या. डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसते. डायलिसिससाठी प्रवास करावा लागत असेल, तर रेल्वेच्या तिकिटातही सवलत आहे. तिच्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागत नाही, रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातले पत्र लागते.

प्रश्न : मुलाला सात वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. बोर्डाने ४० टक्क्यांपेक्षा कमी लिहिले. आम्ही घरी जे भोगतो ते त्यांना पाच मिनिटांत कसे कळणार?

ते त्यांना तुम्हीच सांगायचे असते, आणि बहुतेक घरे इथेच कमी पडतात. मानसिक आजारासाठी ‘आयडियाज’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात चार गोष्टी पाहतात : स्वतःची काळजी, माणसांशी वागणे, बोलणे व समजणे, आणि काम. प्रत्येकीला शून्य ते चार गुण. त्यात आजाराच्या मुदतीचे गुण मिळवतात. दोन वर्षांच्या आत १, दोन ते पाच वर्षे २, सहा ते दहा वर्षे ३, त्यापुढे ४. एकूण ७ ते १३ गुण झाले की ४० ते ७० टक्के, १४ ते १९ ला ७१ ते ९९ टक्के. सहा किंवा त्याहून कमी असतील, तर चाळीसच्या आत.

आता बोर्डापुढे काय होते ते पाहा. मुलगा त्या दिवशी आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून येतो. डॉक्टर विचारतात, ‘स्वतःचे स्वतः करतो ना?’ आई सवयीने म्हणते, ‘हो, करतो.’ स्वतःची काळजी ०, माणसांशी वागणे १, बोलणे ०, काम १ असे दोन गुण पडले, मुदतीचे ३ मिळाले, एकूण ५. चाळीसची रेघ हुकली. खरी परिस्थिती अशी असते की चारदा सांगितल्यावर आंघोळ होते, पाहुणे आले की तो खोलीबाहेर येत नाही, विचारलेल्याला तुटक उत्तर देतो आणि एकही नोकरी टिकलेली नाही. हे सांगितले असते तर १, २, १, ३ असे सात आणि मुदतीचे तीन मिळून दहा गुण झाले असते. माणूस तोच, आजार तोच. आपल्या लेकराबद्दल चारचौघांत असे बोलणे आईवडिलांना जिवावर येते, हे आम्ही जाणतो. पण इथे लाज धरली तर त्याच्या हक्काचे जाते.

बोर्डाकडे जाण्याआधी एका कागदावर रोजचे लिहून काढा. काय सांगावे लागते, किती वेळा, कोण करून घेते, आणि न सांगितल्यास काय होते. वाढवून काहीही लिहू नका. गोळ्या घेऊन बरा असतो तेव्हाचेही लिहा, कारण मोजणी उपचार चालू असतानाच्या स्थितीची असते. मुदतीचा पुरावा म्हणून पहिल्या भेटीचा केसपेपर हवा. तो हरवला असेल तर त्या रुग्णालयाच्या नोंदींतून प्रत मागा. नोकरी सुटल्याची पत्रे, शिक्षण अर्धवट राहिल्याचे कागद हे ‘काम’ या मुद्द्याचे पुरावे आहेत.

निर्णय मान्य नसेल तर त्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येते. अर्जात नुसते ‘अन्याय झाला’ न लिहिता, चारपैकी कोणत्या मुद्द्यावर गुण कमी पडले आणि त्याचा कागद कोणता, हे लिहा.

प्रश्न : वडिलांना तीन महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलता येत नाही. ‘आता नको, नंतर या’ असे सांगितले. ही टाळाटाळ आहे का?

नाही. मज्जासंस्थेच्या आजारात साधारण सहा महिन्यांनी मोजणी करावी, असे मार्गदर्शक सूचनांत आहे, कारण पहिल्या काही महिन्यांत ताकद बरीच परत येऊ शकते. नेमकी वेळ तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायची असते.

हे महिने वाया घालवू नका. फिजिओथेरपिस्टकडून दर महिन्याला हातापायाच्या स्नायूंची ताकद शून्य ते पाच या श्रेणीत लिहून घ्या. डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयचा अहवाल एका फाइलला लावा. आणि बोलणे गेले आहे ते वेगळे मोजून मागा. मेंदूला इजा होऊन वाचा जाणे हा कायद्याने वाक् व भाषा दिव्यांगत्वाचा स्वतंत्र प्रकार आहे. हातपाय लुळे दिसतात म्हणून फाइल अस्थिव्यंगाच्या टेबलावरच संपते आणि वाचेकडे कोणी पाहत नाही. वाचाउपचारतज्ज्ञाचा अहवाल आधीच तयार ठेवा आणि अर्जात दोन्ही प्रकार नोंदवा.

प्रश्न : एका डोळ्याने अजिबात दिसत नाही, त्याचे ३० टक्के. पायाचे २० टक्के. बेरीज ५० होते ना?

५० नाही, ४२. सूत्र असे : मोठा आकडा घ्या. ९० मधून तो वजा करा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणा, १०० ने भागा आणि आलेले उत्तर मोठ्या आकड्यात मिळवा. तुमचे ९० वजा ३० म्हणजे ६०, साठ गुणिले २० भागिले १०० म्हणजे १२, आणि ३० अधिक १२ म्हणजे ४२. पायाचे १५ असते तर ३९ आले असते आणि चाळीसची रेघ हुकली असती.

दोन विभागांचे दोन वेगळे दाखले खिशात असले तरी कोणी आपोआप बेरीज करून देत नाही. एकत्रित दाखला मागावा लागतो.

प्रश्न : दाखल्यासाठी स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज केला, पुढे काहीच हालचाल नाही. जिल्हा बदलून अर्ज करता येतो का?

नियमांनी दोन पर्याय दिले आहेत : राहत्या जिल्ह्यातले प्राधिकृत रुग्णालय, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात या त्रासावर उपचार झाले ते. दुसऱ्या शहरातल्या सरकारी महाविद्यालयाच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली असेल तर तिथे अर्ज चालतो, आणि कागदपत्रेही तिथेच असल्याने काम सोपे होते. २०२४ च्या दुरुस्तीनंतर दाखला देण्यासाठी रुग्णालयाला असलेली मुदत एक महिन्याऐवजी तीन महिने झाली आहे. त्याच दुरुस्तीनुसार, अर्जदाराशी संपर्क होत नाही म्हणून दोन वर्षे पडून राहिलेला अर्ज बाद होतो. अर्जातला मोबाइल क्रमांक बदलला असेल तर आजच दुरुस्त करा. नोंदणीची पावती घेऊन रुग्णालयातल्या दिव्यांग कक्षात जा आणि तुमच्या प्रकाराचा वार कोणता ते विचारा. डोळे, कान, हाडे, मानसिक आजार यांचे वार बहुतेक ठिकाणी वेगळे असतात.

दाखल्यासोबत मिळणाऱ्या दिव्यांग ओळखपत्राच्या कार्डाचा रंग पांढरा असेल तर ४० च्या आत, पिवळा असेल तर ४० ते ८० च्या आत, निळा असेल तर ८० आणि पुढे. पांढरे कार्ड मिळाले म्हणजे सगळे मिळाले, असा गैरसमज होतो. नोकरीतले ४ टक्के आणि उच्च शिक्षणातले ५ टक्के आरक्षण, तसेच आयकराच्या जुन्या पद्धतीतली ७५,००० रुपयांची वजावट ४० पासून सुरू होते. ८० पासून ती वजावट १,२५,००० होते.

प्रश्न : नगरपालिकेत वाहनचालक आहे. अपघातात पाय गेला. ‘स्वेच्छानिवृत्ती घ्या’ म्हणून दबाव आहे. माझा भाऊ खासगी कारखान्यात आहे, त्याची नजर जात चालली आहे. त्यालाही हेच नियम का?

कशावरही सही करू नका. कायद्याच्या कलम २०(४) नुसार सरकारी आस्थापनेला, आणि त्यात नगरपालिका येते, नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यायचे. तेही नसेल तर अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जादा) पद निर्माण करून त्यावर ठेवायचे, योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत. दाखल्याची प्रत जोडून या कलमाचा उल्लेख करत पर्यायी पदासाठी लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. तोंडी विनंतीची नोंद कुठेही राहत नाही. एकदा स्वेच्छानिवृत्ती मंजूर झाली की ती उलटवणे फार कठीण जाते.

भावाला हे कलम लागू नाही. त्याचा पगार ईएसआयच्या (कामगारांच्या राज्य विमा योजनेच्या) मर्यादेत असेल, तर नेहमीचा आजारलाभ वर्षात ९१ दिवस मिळतो. ठरावीक दीर्घ आजारांत तो सुमारे ८० टक्के वेतनाने पुढे वाढतो, पण त्यासाठी किमान दोन वर्षांची सलग विमानोंद लागते. त्याचा आजार त्या यादीत आहे का, हे ईएसआयच्या दवाखान्यात विचारावे. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर ईपीएसमध्ये (त्या निधीशी जोडलेल्या निवृत्तीवेतन योजनेत) कायम व पूर्ण असमर्थतेचे निवृत्तीवेतन आहे, आणि त्याला दहा वर्षांच्या नोकरीची अट नाही. एक महिन्याची वर्गणी पुरते. इथे ४० टक्के विचारत नाहीत. नोकरीत जे काम करत होता तेच काम करायला तो कायमचा असमर्थ आहे का, हे वैद्यकीय मंडळ ठरवते. असमर्थता नोकरीत असताना आलेली हवी. म्हणून राजीनामा देण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाचा तारीख असलेला अहवाल हातात असू द्या, आणि नोकरी सोडल्याच्या पत्रात ‘वैयक्तिक कारण’ न लिहिता वैद्यकीय कारण लिहा.

प्रश्न : ३५ चे ४० करून देतो म्हणून एकजण पैसे मागतो आहे. द्यावे का?

देऊ नका. खोट्या मार्गाने दिव्यांगांचा लाभ घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ मध्ये आहे. ती दाखला वापरणाऱ्याला होते. नोकरीसाठी तो दाखला वापरला तर फेरतपासणी होऊ शकते आणि तिथे मूळ ३५ पुन्हा समोर येतात. ३५ खरोखर कमी वाटत असतील तर ९० दिवसांच्या आत अपील करा.