ऑपरेशन साधं, मग खर्च एवढा का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला तीव्र हिमोफिलिया ‘ए’ आहे. वजन ६० किलो. जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन करायचंय. सर्जन ‘साधं ऑपरेशन’ म्हणतात, पण खर्चाचा अंदाज इतरांच्या कितीतरी पट दिलाय. असं का? कुठे वाचवता येईल?

उत्तर : थिएटर, भूल, सर्जनची फी यांत फारसा फरक नसतो. पैसा जातो तो फॅक्टर ८ वर, म्हणजे हिमोफिलिया ‘ए’ मध्ये कमी असलेला, रक्त गोठवणारा घटक बाहेरून देण्यावर. दर किलोला १ युनिट दिलं की रक्तातली पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते. ऑपरेशनआधी ती १०० टक्क्यांच्या आसपास न्यायची, म्हणजे भावाला ३००० युनिट लागतील. पण ८ ते १२ तासांत त्यातलं निम्मं संपतं, म्हणून पुढचे तीन दिवस दर ८-१२ तासांनी साधारण १५०० युनिट. त्यानंतर डोस हळूहळू उतरवत जखम भरेपर्यंत, बहुधा ७ ते १४ दिवस. दहा दिवसांची बेरीज सहज २० हजार युनिटच्या पुढे जाते. टेबलावर लागतं ते त्यातलं थोडंच. खरा खर्च टाके पडल्यानंतरचा.

म्हणूनच ‘आता दुखत नाही, शेवटचे चार डोस राहू द्या’ हा मोह फार महागात पडतो. पाचव्या-सहाव्या दिवशी आतली गुठळी विरघळायला लागते. तेव्हा पातळी खाली असेल तर जांघेत, वृषणाच्या पिशवीत रक्त साचतं, जंतुसंसर्ग होतो, आणि कधी पुन्हा थिएटर गाठावं लागतं. मग सगळा हिशेब पुन्हा ३००० पासून सुरू. इथे काटकसर कृपया करू नका.

वाचवायचं ते आधीच्या तयारीत. सगळ्यात आधी इनहिबिटरची तपासणी. शरीराने फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली असतील तर टोचलेलं औषध वाया जातं आणि बायपास औषधं (फॅक्टर ८ ला वगळून रक्त गोठवणारी) वापरावी लागतात. त्यातलं फॅक्टर ७ए तर सुरुवातीला दर दोन तासांनी द्यावं लागतं. हे ऐनवेळी कळण्यासारखं दुसरं संकट नाही. दुसरं, एक चाचणी-डोस देऊन भावाच्या रक्तात पातळी खरोखर किती चढते आणि किती वेळात उतरते ते मोजून घ्या. पुस्तकी हिशेब प्रत्येकाला लागू पडत नाही. ऑपरेशन आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळचं पहिलं ठेवा, म्हणजे नेमक्या नाजूक दिवसांत लॅब चालू असते. पातळी मोजता आली नाही की डॉक्टर अंदाजाने जास्तच देतात, आणि ते बरोबरही आहे.

डोस १४०० निघाला आणि कुप्या १००० व ५०० च्या असल्या, तर उरलेलं फेकण्याऐवजी १५०० पूर्ण द्यावं का, हे रक्तविकारतज्ज्ञांना विचारा. दाढ काढणं वगैरे काही राहिलं असेल तर तेही त्याच फॅक्टरखाली उरकता येईल का, हेही विचारा. भाऊ घरी स्वतः इंजेक्शन घेत असेल तर डिस्चार्ज लवकर मिळू शकतो. दुखण्यावर अ‍ॅस्पिरिन नको, आणि कमरेत, म्हणजे स्नायूत, इंजेक्शन तर नकोच.

प्रश्न : मला सौम्य फॉन विलेब्रांड आजार (टाइप १) आहे. अक्कलदाढ काढायची आहे. मलाही फॅक्टर लागेल का?

उत्तर : बहुतेकदा नाही. टाइप १ मध्ये फॉन विलेब्रांड हा रक्त गोठायला लागणारा घटक कमी असतो; डेस्मोप्रेसिन हे औषध (किलोला ०.३ मायक्रोग्रॅम) त्याचा शरीरातलाच साठा रक्तात सोडायला लावतं. ते तुम्हाला लागू पडतं का, हे दाढ काढण्याच्या काही दिवस आधी पाहून घ्या. घेतल्यावर २४ तास पाणी बेतानेच प्या, नाहीतर रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात. जोडीला ट्रानेक्झामिक आम्लाच्या गोळ्या ५ ते ७ दिवस. ही गोळी तशी स्वस्त, आणि तोंडातल्या जखमेवर फार उपयोगी: लाळेतले घटक गुठळी विरघळवतात, तेच ती थांबवते. लघवीतून रक्त जात असेल किंवा पूर्वी कुठे रक्ताची गाठ झाली असेल, तर गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा.