ते पाकीट आधी उघड

अगं, पत्र वाचलं. वडील गेले, साताऱ्यात तेरावं उरकून तू तोक्योला परत आलीस आणि तुझ्या चीनमधल्या चेंगदूच्या रूममेटने तुझा ताबाच घेतला, तांदळाची पेज करून समोर बसून खायला लावली, दिवसभर गरम पाणी, वर "रडणं पुरे, आता आईकडे बघ" म्हणून दटावलंसुद्धा. आणि ऑफिसातली जपानी सीनियर? वाकली, दोन ठरलेली वाक्यं बोलली, पुढे विषयच नाही. "हो, एक काळ्या-पांढऱ्या दोरीचं पाकीट दिलं, ते ड्रॉवरमध्ये पडलंय." आणि तू विचारतेस, अशा दगडाशी कामापुरतंच बोलू का!

पडलंय म्हणजे काय गं? उघडलंच नाहीस?

त्यात कोदेन असतं, म्हणजे जपानमध्ये कुणी गेलं की घरच्यांना देतात ते पैसे. नोट कोरी नसते, कोरी असलीच तर मुद्दाम घडी घालतात, नाहीतर मरणाची वाट बघत नोट काढून ठेवली होती असं दिसेल, एवढा विचार. दोरीची गाठ सुटणार नाही अशी, कारण हा प्रसंग परत येऊ नये. सहकाऱ्यांमध्ये साधारण तीन ते पाच हजार येन देतात, आतल्या पाकिटावर रक्कम आणि पत्ता लिहितात, आणि घरच्यांनी माणूस जाऊन ४९ दिवस झाल्यावर साधारण निम्म्या किमतीचं काहीतरी परत पाठवायचं असतं. म्हणजे परक्या देशातल्या मुलीच्या बापासाठी तिने घरच्यांसारखं सगळं केलं आणि तू अजून नोटसुद्धा बघितली नाहीस. दगड कोण?

रूममेटचं तुला लगेच कळलं कारण आपल्या आत्या-काकू भेटायला येतात तेव्हा हेच करतात, जेव, झोप, सावर. (सगळे चिनी असेच असतात असं नाही हां, माझ्या नावावर खपवू नकोस.) सीनियर विचारत नाही, कारण ऑफिसात तिने विचारलं की तू सगळ्यांसमोर रडशील आणि मग तुलाच सॉरी म्हणत फिरावं लागेल. ती तुला त्यातून वाचवतेय.

आज ड्रॉवर उघड. दोरी कापू नकोस, सरकवून काढ. ४९ दिवस झाले की चहा पाठव, संपणारी वस्तू द्यायची पद्धत आहे, सोबत हाताने चार ओळी लिही, त्यात बाबांबद्दल एखादी गोष्ट टाक, पुढे तिला काही विचारावंसं वाटलं तर विचारेल. आणि चहा चांगला घे, कंजूसपणा नको.