1970 च्या सुमाराची यामाहा एफजी-180 गिटार विकत मिळतेय, घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की आत लाल लेबल आहे, त्यावर निप्पॉन गक्कीचं नाव आहे आणि विकणारे म्हणतात, ‘तारा जरा वर आल्यात, ट्रस रॉड फिरवला की बसतील.’ लेबलचं वर्णन जुळतंय. निप्पॉन गक्की हे यामाहाचंच जुनं नाव आणि एफजी-180 तिनं 1966 मध्ये काढली. ट्रस रॉडचं म्हणणं मात्र मला पटत नाही.

ट्रस रॉड म्हणजे नेकच्या (गिटारच्या मानेच्या) आतली सळई. तिनं नेकचा बाक कमी-जास्त होतो. नेक बॉडीला ज्या कोनात जोडलाय, तो कोन त्यानं हलत नाही. लाइट गेजच्या (बारीक जाडीच्या) सहा तारांचा ताण मिळून 70 किलोच्या आसपास जातो. तो 50 वर्षं सोसून नेक पुढे झुकतो, ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवायच्या लाकडी तुकड्याच्या) मागची पाटी फुगते आणि तारा वर जातात.

म्हणून बघायला जाताना स्टीलची लांब, सरळ पट्टी न्या. गिटार आधी ट्यून करा. पट्टी तारांच्या मधून फ्रेटांवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या रेघांवर) ठेवून ब्रिजकडे सरकवा. टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्यावर टेकलं किंवा किंचित वरून गेलं, तर छान. माथ्याच्या खाली अडलं, तर नेक झुकलाय. मग 12 व्या फ्रेटवर सगळ्यात जाड तारेखालचं अंतर मोजा. 2.5 मिमीच्या आसपास हवं. ते 4 भरलं आणि सॅडल (ब्रिजमधला, तारा ज्यावर टेकतात तो बारीक तुकडा) आधीच घासून घासून ब्रिजला टेकायला आलेला असला, तर तारा खाली आणायला जागाच उरली नाही. नेक काढून नव्यानं बसवावा लागेल, आणि या जुन्या यामाहांचा नेक सहजी सुटत नाही. चांगला कारागीर गाठून आधी खर्च विचारा, मगच भाव बोला.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद शिरतो का, तेही बघा. शिरत असेल तर ब्रिज सुटायला लागलाय.

‘जुनं लाकूड’ म्हणून जादा पैसे मागितले तर देऊ नका. एफजी-180 ची वरची पाटी प्लायची आहे, अखंड स्प्रूसची नाही. त्यात कमीपणा मुळीच नाही: आपल्या पावसाळ्यात अखंड लाकूड फुगतं, उन्हाळ्यात चिरतं, प्लाय त्या मानानं निभावून नेतं. साथीला स्ट्रमिंग करताना हिचा खणखणीत आवाज मला अतिशय आवडतो. नेक सरळ निघाला तर जरूर घ्या.

पट्टी लावलेली असताना ब्रिजचा बाजूनं फोटो काढा आणि इथे टाका. बघून सांगतो.