वाचकांचे प्रश्न : मिठागराचे मुखपृष्ठ, दोन रंगांत

प्रश्न : माझे वडील मुलुंड-भांडुपकडच्या मिठागरांवर मुकादम होते. त्यांनी वहीत लिहून ठेवलेल्या आठवणींचे डेमी आकाराचे, १४४ पानांचे पुस्तक आम्ही घरच्या खर्चाने काढत आहोत. प्रती फक्त २०० असल्यामुळे मुखपृष्ठ स्क्रीन प्रिंटिंगने छापून घ्यावे असे ठरले आहे. लग्नपत्रिका छापणारे ओळखीचे कारागीर तयार आहेत, पण दोनच रंग वापरा, असे त्यांनी बजावले आहे. माझ्याजवळ तीन कच्ची चित्रे आहेत : खाडीवरच्या सूर्यास्तात उभे असलेले रोहित (फ्लेमिंगो) पक्षी, मिठाच्या ढिगाशेजारी टोपली घेतलेली बाई, आणि वडिलांचे तरुणपणीचे छायाचित्र. यांपैकी एकही दोन रंगांत बसत नाही. कल्पना कुठून आणि कशी वाढवावी?
— एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर : आपण आधी चित्र ठरवले आणि मग ते दोन रंगांत कसे कोंबावे या विवंचनेत पडलात. हा क्रम उलटा करावा लागेल. दोष आपला एकट्याचा नाही. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांच्यासारख्या चित्रकारांनी रंगवलेली मुखपृष्ठे पाहत मराठी वाचकाची नजर घडली आहे, आणि त्यामुळे मुखपृष्ठ म्हटले की छायाप्रकाशाने भरलेले, पूर्ण रंगवलेले चित्रच आपल्या डोळ्यांपुढे येते. स्क्रीनमध्ये मात्र प्रत्येक रंगासाठी ताणलेली एक वेगळी जाळी असते, त्या जाळीवरील काही भाग बुजवलेला आणि काही उघडा ठेवलेला असतो, आणि उघड्या भागातून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई खाली दाबली जाते. शाई एक तर पडते किंवा पडत नाही. सूर्यास्तासारखी हळूहळू विरणारी छटा या पद्धतीला मुळातच मानवत नाही.

म्हणून चित्रे बाजूला ठेवून आपण वडिलांची वही पुन्हा हाती घ्यावी, आणि या वेळी पेन्सिल घेऊन केवळ वस्तू आणि क्रिया टिपाव्यात. भावना टिपू नयेत, कारण ‘कष्ट’, ‘आठवण’, ‘हरवलेले दिवस’ यांचे चित्र काढायला गेले की हमखास सूर्यास्तच निघतो. मिठागरावरच्या माणसाच्या वहीत बांध, उघाडी (पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार), भरतीचे पाणी, तळ दिसेपर्यंत आटणारा कप्पा, कडेला ओढून घेतलेले मीठ, पावसाआधी ढिगांवर घातलेले आच्छादन असे शब्द येणारच. चाळीस-पन्नास शब्द जमले की त्यांतील ज्यांना स्वतःचा स्पष्ट आकार आहे तेवढेच ठेवावेत. ‘पाणी’ला आकार नाही, पण ‘कप्प्यातल्या पाण्या’ला आहे.

मला आपल्या विषयात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की मिठागर वरून पाहिले तर ती मुळातच दोन-तीन सपाट रंगांची रचना असते. बांधांनी आखलेले चौकोन, काहींत गडद पाणी, काहींत ओला चिखल, एखाद्यात नुकते धरलेले पांढरे मीठ. आणखी एक साम्य आहे. मिठागरात माणूस लांब दांड्याची लाकडी फळी ओढत मीठ गोळा करतो, आणि आपला कारागीर चौकटीत शाई ओढतो तेव्हा त्याच्या हाताची चाल जवळजवळ तीच असते. हे साम्य मुखपृष्ठावर सांगण्याची गरज नाही, परंतु मिठाच्या चौकोनाची एक कड फळी ओढल्यासारखी खरबरीत ठेवली तर छपाईची आणि विषयाची खूण एकाच जागी उमटेल.

आता रंग. दोन रंगांची मर्यादा म्हणजे प्रत्यक्षात तीन रंग, कारण कागदाचा रंग फुकट मिळतो. आपण पांढरा कागद गृहीत धरलात, ही माझ्या मते आपल्या तिन्ही चित्रांतील सर्वांत मोठी चूक आहे. पुस्तक मिठाचे असेल तर पांढरा रंग छापलेला असावा. स्क्रीनच्या शाईचा थर नेहमीच्या ऑफसेट छपाईतील शाईपेक्षा पुष्कळ जाड बसतो, त्यामुळे गडद कागदावर अपारदर्शक पांढरी शाई ठसठशीत उठते, आणि बोट फिरवले तर तिचा हलका उंचवटाही हाताला लागतो. म्हणून चिखलाच्या राखाडी रंगाचा जाड कागद निवडावा. बांध म्हणजे तोच न छापलेला कागद, पाणी म्हणजे गडद निळी शाई, आणि मीठ म्हणजे पांढरी. पांढऱ्याला कधी कधी दोन हात द्यावे लागतात, ते कारागिराला आधीच विचारून ठेवावे.

यानंतर लगेच संगणकापुढे बसू नये. काडेपेटीएवढे पंचवीस-तीस चौकोन कागदावर आखावेत आणि प्रत्येकात एकच मांडणी, फार तर दोन मिनिटांत, जाड पेनने करावी. एवढ्या लहान जागेत बारकावे काढताच येत नाहीत, आणि जी मांडणी काडेपेटीएवढी असताना ओळखू येते ती ग्रंथप्रदर्शनाच्या टेबलावर चार हातांवरूनही ओळखू येते. पहिल्या आठ-दहा मांडण्या सर्वांना सुचतील अशाच निघतील. मिठाचा ढीग हा त्यांतलाच एक. तो एकट्याने काढून पाहा, तो तंबू, डोंगर किंवा समोसा यांपैकी काहीही वाटू शकतो. बरे काही सापडते ते बहुधा विसाव्याच्या पुढे, जेव्हा हाताशी असलेले संपते आणि आपण एखादा चौकोन तिरका करून, एखादा कडेबाहेर सोडून किंवा सगळे गडद करून एकच पांढरा ठेवून पाहू लागतो.

त्यांतील तीन मांडण्या निवडून त्या रंगीत कागद कात्रीने कापून, चिकटवून पूर्ण आकारात कराव्यात. ही पायरी वगळू नये असे मी आग्रहाने सांगेन. कात्रीला छटा कापता येत नाही. त्यामुळे जे कापून जमते ते स्क्रीनवर जमतेच, आणि शिवाय कोणता आकार कोणत्या रंगाच्या जाळीत जाणार याची फोड आपोआप होऊन जाते. टोपलीवाल्या बाईची आकृती आपल्याला सोडवत नसेल तर तीही कापून पाहावी. चेहरा, निऱ्या, बांगड्या गळून जे उरेल ते ठेवण्याजोगे असेल तर एका बांधावर, अंगठ्याच्या नखाएवढी, गडद निळ्यात उभी करावी. वडिलांचे छायाचित्र आत, पहिल्या पानासमोर जाऊ द्यावे.

पुस्तकाच्या नावाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण मुखपृष्ठे बिघडतात ती बहुतेक इथे. आपल्या पुस्तकाच्या नावात ‘खाऱ्या’ हा शब्द असल्याचे पत्रावरून दिसते. त्यातील ‘ऱ्या’ची ती बारीक चंद्रकोर, कुठल्याही अक्षरावरचा अनुस्वार, रफार, आणि ‘क्ष’ किंवा ‘ष्ठ’ यांच्या पोटातील पोकळ्या ही देवनागरीची नाजूक ठिकाणे आहेत. अक्षर शाईत छापले तर त्याची पातळ रेघ तुटू शकते. उलट, निळ्या पट्ट्यात अक्षरे कोरी सोडून कागद दाखवला तर बाजूची शाई किंचित पसरून त्या पोकळ्या बुजतात. सेंटिमीटरला ७७ धाग्यांच्या नेहमीच्या जाळीवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघेचा भरवसा धरू नये, आणि कोऱ्या सोडलेल्या अक्षरात तर हे अंतर याहून अधिक ठेवावे. संगणकावरील तयार टंक जसाच्या तसा उचलण्यापेक्षा नाव सपाट ब्रशने बटर पेपरवर हाताने लिहावे, अनुस्वार हवा त्यापेक्षा थोडा मोठा द्यावा आणि शिरोरेषा बांधाच्या रेषेत बसते का ते पाहावे. ती बसली तर नाव चित्रावर चिकटवल्यासारखे न दिसता चित्राचाच एक बांध होऊन जाईल. पूर्णपणे अपारदर्शक काळ्या शाईत लिहिलेला असा बटर पेपर थेट पॉझिटिव्ह (जाळीवर आकृती उतरवण्यासाठी लागणारी मूळ प्रत) म्हणून वापरता येतो, मात्र काळा कुठेही फिकट राहता कामा नये.

दोन रंग एकमेकांना नेमके टेकतील अशी रचना टाळावी. हाताने छापताना अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतोच, आणि मग मधून कागदाची पांढुरकी किंवा राखाडी फट डोकावते. एक तर दोन आकारांत बांधाएवढे स्पष्ट अंतर ठेवावे किंवा पांढरा आकार निळ्यावर थोडा चढवावा. आपल्या रचनेत बांध आहेतच, त्यामुळे हा प्रश्न विषयानेच सोडवला आहे.

कण्याचा विचार शेवटी होतो आणि तो नेहमी अंगाशी येतो. १४४ पाने म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेली ७२ पत्रे. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड धरला तर कणा सात मिलिमीटरच्या आसपास भरतो. बांधणीत एक मिलिमीटर इकडे तिकडे होणारच, म्हणून कण्यावर वेगळ्या रंगाची पट्टी न आखता मुखपृष्ठावरचे निळे पाणी कण्यावरून मलपृष्ठापर्यंत सलग वाहू द्यावे. पांढऱ्याचा जाड थर घडीवर येऊ देऊ नये, कारण तो तिथे तडकतो.

छपाई दिवाळीनंतर ठेवता आली तर उत्तम. पावसाळ्यातील ठाण्याच्या हवेत कागद ओल धरून फुगतो, पहिला रंग छापताना असलेले माप दुसऱ्या रंगाच्या वेळी राहत नाही, आणि शाईही लवकर सुकत नाही. कोणताही ऋतू असला तरी कागद एक दिवस आधी छपाईच्याच खोलीत उघडा ठेवावा. शिवाय २०० प्रतींसाठी २३० तरी कागद घ्यावेत, कारण पहिले दहा-बारा कागद जुळणी करण्यातच जातात.

प्रश्न : नवी मुंबईतील खाडीवरच्या लेखांचे छोटे पुस्तक आम्ही मित्र मिळून काढत आहोत. मी स्वतः टिपलेले रोहित पक्ष्यांच्या थव्याचे छायाचित्र मुखपृष्ठावर स्क्रीनने छापता येईल का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : येईल, पण छायाचित्राचे आधी ठिपक्यांत रूपांतर करावे लागेल आणि ते ठिपके डोळ्याला दिसण्याइतके मोठे ठेवावे लागतील. जाळीतील धाग्यांची संख्या ठिपक्यांच्या ओळींच्या चौपट-पाचपट असावी, असा छपाईतला ठोकताळा आहे. इंचाला ४५ ओळींचे ठिपके घेतले तर पाचपटीने इंचाला २२५, म्हणजे सेंटिमीटरला साधारण ९० धाग्यांची जाळी लागते. ठिपक्यांच्या ओळी आणि जाळीचे धागे यांचा कोन चुकला तर मध्येच नको असलेली लाटांची नक्षी उमटते, म्हणून एका कोपऱ्याची चाचणी छापून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तरीही मी आपल्याला छायाचित्र सोडून देण्याचा सल्ला देईन, आणि त्याचे कारण तांत्रिक नाही. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आला. तेव्हापासून हा पक्षी भिंतींवर, फलकांवर आणि दिनदर्शिकांवर इतक्या वेळा उतरला आहे की त्याचा गुलाबी थवा पाहून वाचक थांबत नाही. आपल्या लेखांत त्या पक्ष्याचे खाणे, चिखल, शेवाळ यांविषयी काही असणारच. पाण्यात उलटी बुडवलेली एकच चोच आणि तिच्याभोवतीची वर्तुळे, एवढ्यावर कात्री चालवून पाहावी. गुलाबी रंग मोठ्या प्रमाणात वापरण्याऐवजी तो फक्त पाण्यातल्या प्रतिबिंबाला दिला, तर पक्षी न दाखवताही ओळखू येईल.

प्रश्न : आमच्या वाचनकट्ट्याच्या कवितांच्या पुस्तिकेसाठी काळ्या हातकागदावर चंदेरी शाईत केवळ नाव छापावे, असे आमच्या मनात आहे. काही अडचण येईल का?
— एक वाचक, बेलापूर

उत्तर : कल्पना चांगली आहे, आणि एका रंगात भागणारी असल्यामुळे खर्चाच्या दृष्टीनेही सोयीची आहे. चंदेरी शाईतील कण मोठे असतात, त्यामुळे तिला विरळ जाळी लागते आणि विरळ जाळीवर बारीक अक्षर धरत नाही. नाव चांगले जाड आणि मोठे लिहावे. हातकागदाच्या दोन बाजू सारख्या नसतात. गुळगुळीत बाजू वर घ्यावी, नाहीतर शाई खड्ड्यांत न पोहोचता अक्षर मध्येच तुटेल. पुण्यातील हातकागद संस्था १९४० पासून असा कागद करीत आली आहे, तेव्हा तो तिथून मागवताना छपाईसाठी हवा आहे हे स्पष्ट सांगावे. चंदेरी शाई हाताळताना थोडी निघते, म्हणून छापल्यावर दोन दिवस कागद एकमेकांवर रचू नयेत आणि पुस्तिका देताना प्रत्येक प्रतीवर पातळ कागद ठेवावा.