एन्झाइम आधारावर बसवल्यावर काम निम्मं झालं, मग ते टिकाऊ झालं असं कसं म्हणायचं?

तुम्ही लिहिलंय की इन्व्हर्टेज (साखर फोडणारं एन्झाइम, म्हणजे क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन) अल्जिनेटच्या, म्हणजे समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या जेलच्या मण्यांत बसवलं, पण साखर फोडायचा वेग सुट्या एन्झाइमच्या निम्म्यावर आला आणि गाईड सर म्हणाले, प्रयोग फसला. मला तसं वाटत नाही. तुम्ही वेग मोजलाय. टिकाऊपणा अजून मोजलेलाच नाही.

एन्झाइम तापलं की प्रथिनाची घडी उलगडते आणि काम थांबतं. मी सांगलीचा, म्हणून द्राक्षबागेचंच सांगतो. ओलांडा, म्हणजे वेलीची आडवी फांदी, तारेला एकाच जागी बांधला तर वाऱ्याने हेलकावतो, चार जागी सुतळी मारली की हलत नाही. कायटोसान या आधारावर ग्लुटारल्डिहाइड या जोडणाऱ्या रसायनाने एन्झाइम जोडतात तेव्हा हेच घडतं: एन्झाइममधल्या लायसीन या अमिनो आम्लाचे अमिनो गट अनेक जागी आधाराला पकडले जातात, घडी उलगडायला वाव उरत नाही. मात्र सुतळी नेमकी फांदीच्या डोळ्यावर (कोंब फुटतो तिथे) आवळली तर फूट येत नाही. तशी जोडणी क्रियाशील जागेपाशी, म्हणजे एन्झाइम जिथे साखर फोडतं तिथे, झाली की काम घटतं.

तुमच्या अल्जिनेटमध्ये अशी बांधणी नाही, एन्झाइम नुसतं जाळीत अडकलेलं आहे. साखरेला मण्यात झिरपायला वेळ लागतो, वेग पडण्याचं मोठं कारण ते. मणी बारीक पाडा, फरक दिसेल.

बफर, म्हणजे पीएच (आम्लतेचं माप) स्थिर ठेवणारं द्रावण, कोणता घेतलाय तेही बघा. एम.एस्सी.ला असताना मी मणी रात्रभर फॉस्फेट बफरमध्ये ठेवले होते. सकाळी फ्लास्कमध्ये गढूळ चिकट पाणी, मणी एकही नाही. अल्जिनेटला धरून ठेवणारं कॅल्शियम फॉस्फेटने ओढून घेतलं होतं. दोन आठवड्यांची मेहनत गेली, फार वाईट वाटलं. अ‍ॅसिटेट बफर घ्या, पीएच ४.५ च्या आसपास. इन्व्हर्टेजलाही तोच मानवतो.

आता खरी चाचणी. सुटं एन्झाइम आणि मणी दोन्ही ६० अंश सेल्सिअसवर ठेवा, दर अर्ध्या तासाने नमुना काढून गार करा आणि वेग मोजा. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या सुरुवातीच्या आकड्याशी करा, एकमेकांशी नाही. इथे एक फसगत होते: मण्यात एन्झाइम ठासून भरलेलं असेल तर वेग झिरपण्यावरच ठरतो, आतलं बरंचसं मेलं तरी आकडा खाली येत नाही. म्हणून कमी-जास्त मात्रेचे दोन-तीन प्रकारचे मणी करा.

१९१६ मध्ये नेल्सन आणि ग्रिफिन यांनी हेच इन्व्हर्टेज कोळशावर बसवलं होतं आणि ते तिथेही काम करत राहिलं. पण उद्योगाला त्याची किंमत कळली ती १९६९ मध्ये, जपानच्या तानाबे सेयाकू कंपनीने अमिनोअ‍ॅसायलेज नावाचं एन्झाइम आधारावर बसवून अमिनो आम्लं करायला घेतली तेव्हा. तेच एन्झाइम पुन्हा पुन्हा वापरता येतं, सगळा फायदा त्यातच आहे.

तेव्हा मणी गाळून, धुऊन पाच वेळा ताज्या साखरपाण्यात घाला. गाळलेल्या पाण्यात साखर फुटत राहते का तेही बघा. राहिली तर एन्झाइम गळतंय. नाही गळलं, तर पाचही फेऱ्यांत मिळून किती साखर फुटली त्याची बेरीज सरांपुढे ठेवा.