जे नाही, तेच आधी पाहा
खिशातल्या जुन्या पिस्तुलांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एका लिलावाच्या यादीत रेमिंग्टन या अमेरिकन कंपनीचं दोन नळ्यांचं डेरिंजर, म्हणजे खिशात मावणारं छोटं पिस्तूल आहे. रिकामं काडतूस बाहेर ढकलणारा एक्स्ट्रॅक्टर त्याला नाही. विक्रेता म्हणतो, पहिल्या काळातलं आहे म्हणून नाही. माझा मित्र म्हणतो, मागाहून कुणीतरी काढला असेल. कुणाचं खरं मानू?

उत्तर : दोन्ही शक्य आहे, आणि या छंदातली खरी अडचण हीच आहे. खिशातल्या पिस्तुलांत सगळ्यांत आधीचा नमुना पुष्कळदा एखादी गोष्ट नसण्यावरून ओळखता येतो. पहिला माल लोकांच्या हातात जातो, वापरताना खोट कळते, मग कारखाना एखादा भाग वाढवतो. कोल्टच्या पॅटरसन कारखान्यातल्या १८३६ नंतरच्या पहिल्या रिव्हॉल्व्हरांना गोळी ठासायचा दांडा नव्हता, तो १८३९ मधे आला. १८४८ च्या सुमाराचं ‘बेबी ड्रॅगून’ घ्या. ०.३१ इंचाचं, पाच गोळ्यांचं. बहुतेकांना दांडा नाहीच; सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं फिरतं नळकांडं, उतरवायचा आणि तो ज्या आसावर फिरतो त्या आसानंच गोळी आत दाबायची. पुढच्या ‘१८४९ पॉकेट’ला दांडा आला आणि ती सव्वातीन लाखांहून जास्त निघाली. त्यामुळे दांडा उतरवून १८४९ ला ‘बेबी’ म्हणून खपवण्याचा मोह विकणाऱ्याला होतो.

रेमिंग्टनचंही तसंच. या पिस्तुलाची रचना विल्यम एलियटची, तिचं पेटंट १२ डिसेंबर १८६५ चं. १८६६ ते १९३५ पर्यंत सुमारे दीड लाख नग तयार झाले. एकावर एक अशा दोन आखूड नळ्या, आणि घोडा चढवला की आपटणारी पिन एकदा वरच्या नळीसमोर, एकदा खालच्या नळीसमोर येते. मी घड्याळं दुरुस्त करते, पण इतक्या थोड्या भागांत इतकं नेमकं काम घड्याळातही क्वचित पाहिलंय. यातले अगदी पहिले नग एक्स्ट्रॅक्टरशिवायचे. तो नंतर आला, आणि त्याच्यासाठी नळ्यांच्या मधे खाच कापावी लागली.

म्हणून एक्स्ट्रॅक्टर आहे का, हे नंतर विचारा. आधी खाच आहे का ते पाहा. पहिल्या नगात तिथलं लोखंड कधी कापलेलंच नसतं. भाग काढून टाकला असेल तर रिकामी खाच दिसेल. ती भरली असेल तर भराव दिसेल. नळ्या वर उचलून दहापट भिंगाखाली, उजेड बाजूनं तिरपा टाकून बघा. मूळ लोखंडावर कानशीचे ओरखडे सलग जातात. भरावाच्या कडेशी ते तुटतात, रंगही किंचित बदलतो, आणि वरून निकेलचा नवा थर चढवलेला असेल तर आणखीच सावध व्हा.

मग अक्षरं वाचा. सुरुवातीच्या नगांवर ‘ई. रेमिंग्टन अँड सन्स’ आणि एलियटच्या पेटंटची ओळ नळ्यांच्या बाजूंवर असते; नंतर मजकूर वरच्या पट्टीवर गेला. १८८८ मधे कंपनीचं नाव ‘रेमिंग्टन आर्म्स कंपनी’ झालं. हे दुसरं नाव असेल आणि एक्स्ट्रॅक्टर नसेल, तर तुमच्या मित्राचं खरं. शेवटी बिजागरी पाहा. या पिस्तुलाचा तो दुबळा सांधा. बिजागरीचे कान बारीक असतात आणि फार वेळा चिरतात. चीर न गेलेलं पिस्तूल मिळालं तर चमक कमी असली तरी मी तेच घेईन.

प्रश्न : मला ‘क्वीन ॲन’ पद्धतीचं चकमकीचं पिस्तूल दाखवलं. मुठीच्या टोकाला चांदीचा राक्षसी मुखवटा आहे. गोळी ठासायचा गज नाही, तो ठेवायला जागाही नाही. हरवला असेल का? आणि ते राणीच्याच काळातलं म्हणायचं का?

उत्तर : गज हरवलेला नाही, तो कधी नव्हताच. या पिस्तुलाची नळी आट्यांवरून फिरवून काढतात, मागच्या कोठीत दारू आणि गोळी ठेवतात, नळी परत बसवतात. गोळी नळीच्या भोकापेक्षा किंचित मोठी असते, म्हणून ती घट्ट निघते आणि जोरात जाते. नळीच्या पोटाशी किल्ली अडकवायचा छोटा उंचवटा आहे का बघा.

राणी ॲनची कारकीर्द १७०२ ते १७१४. पण नाव तिचं असलं तरी अशी बहुतेक पिस्तुलं तिच्या नंतरच्या काळातली आहेत. चांदीवर हॉलमार्क असेल तर त्यातल्या वर्षाच्या अक्षरावरून त्या मुखवट्याचं साल कळतं. पिस्तुलाचं तेच असेल असं नाही, पण आधार मिळतो.

तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या एका ओळीनं मात्र मला काळजी वाटली : ‘यंत्रणा अगदी नव्यासारखी आहे.’ १८२० नंतर टोपीची पिस्तुलं आली (चकमकीऐवजी घोडा आपटला की पेटणारी छोटी टोपी लावायची) आणि हजारो चकमकीची पिस्तुलं टोपीवर बदलून घेण्यात आली. पुढे संग्राहकांना चकमक हवीशी वाटू लागली, तशी तीच पिस्तुलं पुन्हा उलटी बदलली गेली. असं एक मी स्वतः विकत घेतलं. वर्षभर ते माझ्या टेबलावर होतं. एका संध्याकाळी, चकमक जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी मी भिंगाखाली धरली आणि तिच्यावर एकही उभा ओरखडा दिसला नाही. दोनअडीचशे वर्षांच्या पिस्तुलाच्या त्या पट्टीवर गारेनं एकदाही रेघ ओढली नव्हती. मग रंजकाची, म्हणजे ठिणगी झेलणाऱ्या दारूची, वाटी पाहिली. रंजक जळलं की उरणारा क्षार आसपासचं लोखंड खातो. इथे वाटी गुळगुळीत, आणि वाटीच्या शेजारची नळी मात्र बारीक खड्ड्यांनी भरलेली. विक्रेत्यानं ते परत घेतलं नाही. खूप वाईट वाटलं. पण ते मी ठेवलंय. नवं काही घ्यायच्या आधी त्या दोन जागा त्याच्या शेजारी धरून बघते. तुम्हीही पैसे देण्यापूर्वी पट्टी आणि वाटी बघून घ्या.

प्रश्न : इंग्रजी स्पेलिंगमधे एकच ‘आर’ असेल तर डेरिंजर अस्सल, दोन असतील तर नक्कल. हा नियम बरोबर आहे का?

उत्तर : अर्धाच. फिलाडेल्फियाचे हेन्री डेरिंजर आपलं नाव एकाच ‘आर’नं लिहीत. १४ एप्रिल १८६५ ला फोर्ड्‌स थिएटरमधे लिंकनवर चाललेलं पिस्तूल त्यांच्याच कारखान्याचं होतं. त्यानंतर दोन ‘आर’चं रूप अशा कुठल्याही छोट्या पिस्तुलासाठी सरसकट वापरात गेलं. म्हणून दोन ‘आर’ दिसले तर ते हेन्रींचं नाही, एवढं ठीक.

एक ‘आर’ मात्र पुरावा नव्हे. त्यांच्याच जुन्या कामगारांनी बाहेर पडून हुबेहूब पिस्तुलं केली आणि हुबेहूब ठसाही मारला. डेरिंजर आडनावाच्या एका शिंप्याचं केवळ नाव वापरायला मिळावं म्हणून एका कारखान्यानं त्याला हाताशी धरलं. हेन्रींनी कॅलिफोर्नियात दावा लावला आणि आपला ठसा हा आपलाच, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाकडून मान्य करून घेतलं. १८६८ मधे ते वारले. या साऱ्या जुन्या नकलांवर ‘बनावट’ म्हणून फुली मारणं मला पटत नाही. त्याच काळातली, त्याच हातांनी केलेली ती पिस्तुलं आहेत. त्यांच्या खऱ्या नावानं ती संग्रहात ठेवावीत.

ही पिस्तुलं सहसा जोडीनं विकली जात. एकटं मिळालं तरी घ्या, पण त्याचे फोटो जवळून आणि सर्व बाजूंनी काढून ठेवा. लिंकनच्या हत्येतलं पिस्तूल मधल्या काळात बदललं गेलं, असा संशय निघाला तेव्हा १९९७ मधे एफबीआयनं ते जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिलं. लाकडातली वळणं आणि लोखंडातल्या खुणा जुळल्या.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत हाताच्या पंजाएवढं ठासणीचं पिस्तूल सापडलं. पूर्ण तपकिरी झालंय. पॉलिश करून काचेच्या कपाटात ठेवायचं आहे. कोणतं पॉलिश वापरू?

उत्तर : कोणतंच नको. आणि त्याआधी एक काम करा, आजच. नळीचं तोंड स्वतःकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे न करता एक पातळ लाकडी काडी हळूच आत सोडा. अडली की तोंडापाशी पेन्सिलची खूण करा. काडी बाहेर काढून नळीच्या बाहेरून तेवढीच धरा. ती टोपी बसते त्या जागेपर्यंत पोचली तर नळी रिकामी. बोटभर कमी पडली तर आत काहीतरी आहे, आणि ते भरलेलंच आहे असं समजा. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या पेट घेऊ शकते. ठोकू नका, तापवू नका, घोडा चढवू नका. जाणकार शस्त्रकारागिराकडे द्या. बाळगण्याचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे. अमेरिकेत १८९८ आणि त्याआधीचं ते पुरातन, दुसरीकडे निकष निराळा, तेव्हा तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

आता तपकिरी रंगाबद्दल. तो सगळाच गंज नसतो. पुष्कळ नळ्यांना कारखान्यातच तपकिरी थर देत, आणि तो पॉलिशनं एका दुपारी कायमचा जातो. त्याबरोबर उथळ ठसेही जातात. लाल, बोटाला लागणारी भुकटी असेल तर तेवढीच मऊ कापडानं टिपा. वर सूक्ष्म-स्फटिकी मेणाचा अगदी पातळ हात द्या. संग्रहालयातल्या वस्तूंसाठी असं मेण ब्रिटिश म्युझियममधे १९५० च्या दशकात तयार झालं आणि मी तेच वापरते. हाताळताना सुती हातमोजे घाला, कारण घामातलं मीठ एका आठवड्यात बोटाचा ठसा लोखंडात कोरतं. मूळ पेटी असेल तर ती शेजारी ठेवा, पिस्तूल तिच्यात ठेवू नका. आतलं लोकरी कापड दमट हवा धरून ठेवतं.

पेच उघडू नका. जुन्या पेचांची खाच अरुंद असते आणि बाजारातला पेचकस तिच्या कडा फाडतो. घड्याळाचं काम करताना मी प्रत्येक पेचासाठी पातं घासून घेते, तरीही पिस्तुलाचा पेच कारण नसताना फिरवत नाही. न फाटलेली खाच म्हणजे आत कुणी हात घातला नसल्याची मोठी खूण.

नळीच्या खालच्या अंगाला, नळी दारूचा दाब सोसते का हे तपासल्याचे ठसे असतील. मुकुटाखाली जीपी आणि मुकुटाखाली व्ही असेल तर ते लंडनच्या गनमेकर्स कंपनीचे, तिची सनद १६३७ ची. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ च्या कायद्यानं आलं, पण त्याआधी तिथले खासगी कारखानदार दिसायला जवळपास तसेच ठसे मारत, म्हणून घाईनं साल ठरवू नका. नळी रिकामी असल्याची खात्री झाली की ठशावर बाजूनं विजेरीचा उजेड टाकून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि तो मला पाठवा.