दानपेटीच्या हिशेबात करिअर?

"सर, मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गावच्या देवस्थानात दानपेटी मोजायला गेली आणि तेव्हापासून म्हणते, हेच काम करायचं. पाहुणे हसतात. तिला एमबीएला घालू का?"
– एक वडील, अंबाजोगाई

नमस्कार दादा,

हसणाऱ्या पाहुण्यांना सांगा, तुळजापूरच्या मंदिर संस्थानाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या कारभारासाठी १९५६ चा स्वतंत्र कायदा आहे. बाकीची बहुतेक देवस्थानं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली. दरसालचं ऑडिट, विश्वस्त बदलले की त्या बदलाची नोंद करून घेण्यासाठी चेंज रिपोर्ट. याला जाणकार माणूस लागतोच.

अशी मोजणी मीही पाहिली आहे. कुंकवानं चिकटलेली नाणी, करंगळीएवढ्या घड्या घातलेल्या नोटा, मधेच एखादी नवसाची चिठ्ठी. त्या गावात पूर्वी पेटी एका विश्वस्ताच्या ओसरीवर उघडायची. नव्या अध्यक्षांनी मोजणी सभामंडपात आणली आणि महिन्याचा जमाखर्च फळ्यावर लिहायला लावला. क्यूआर कोड त्यानंतर आला, आणि लोकांनी तो वापरला. शेजारच्या गावानं कोड आधी लावला, पण हिशेब विचारला की उडवाउडवी. तेल-हळदीनं तो कोड पुसट झाला, तरी कुणी बदलला नाही. कशाला बदलतील?

उत्साही अध्यक्षही देवस्थान गोत्यात आणतो, बरं का. पैसा येतो नवरात्रात, महाशिवरात्रीला. पगार आणि वीजबिल बारा महिने. भरल्या पेटीकडं बघून भक्तनिवासाचा पाया खणला की आषाढात हात आखडतो. मग अन्नदानासाठी आलेली रक्कम विटांकडं वळते, आणि तिथं ऑडिटर बोट ठेवतो. हे अध्यक्षांना तोंडावर सांगू शकेल असा हिशेबनीस दुर्मिळ आहे.

एमबीएची घाई नको. ट्रस्टचं ऑडिट करणाऱ्या लातूरच्या किंवा संभाजीनगरच्या एखाद्या सीएकडं तिला दोन वर्षं काम करू द्या. पुढं शिकायचंच असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर तुळजापुरातच आहे. लहान देवस्थानात पगार तुटपुंजा असतो आणि विश्वस्त बदलले की माणसंही बदलतात, हे लपवत नाही. पण ट्रस्टच्या हिशेबाचं काम शाळांना, दवाखान्यांनाही लागतं.

तूर्त तिला गावच्या देवस्थानाचा मागच्या वर्षीचा ताळेबंद मागायला सांगा. मिळाला तर अन्नदान निधी कुठं गेला, ते तिनं शोधावं. नाही मिळाला, तर कोण काय म्हणालं ते मला कळवा.